थोड्या दिवसांकरितां

१९४६ सालच्या फेब्रुवारींतील एका रविवारीं, उपासना आटोपल्यावर, पॅसिफिक महासागरांतील बिकिनी बेटाच्या मंडळीपुढें अमेरिकन आरमाराचा एक अधिकारी आला. मानवजातीच्या कल्याणाकरितां व युद्धें कायमचीं बंद व्हावीं म्हणून येथें अणुबाँबचे प्रयोग करावयाचे आहेत, तरी थोड्या दिवसांकरितां बेट सोडा, असें त्यानें सांगितलें. प्रभूनें इस्राएल लोकांस वचनदत्त देशांत नेलें, हा दाखलाही दिला. सर्व देवाच्या हातीं आहे, असें त्यांच्या पुढाऱ्यानें म्हटलें, आणि १६७ माणसें निघालीं.

हीं माणसें आमच्या नात्याचीं आहेत. ज्या अमेरिकन बोर्डाच्या मिशनऱ्यांनीं १८१३ सालीं मुंबईस मराठी मिशन आरंभिलें, त्याच बोर्डाच्या मिशनऱ्यांनीं १८५७ सालीं त्या मार्शल बेटांत शुभवर्तमान नेलें.

नव्या बेटावर नारळ अपुरे पडले; दोन वर्षांत मंडळी उपासमारीस आली. बिकिनीस १९५८ पर्यंत २३ स्फोट झाले. १ मार्च १९५४ च्या स्फोटाची पांढरी राख रोंगेलाप बेटावर पडली व मुलें तींत खेळलीं. पुढें त्यांतील पुष्कळांच्या गळ्यांतील ग्रंथींस गांठी आल्या. आतां भय नाहीं, असें सरकारनें म्हटल्यावर बिकिनीचीं कांहीं कुटुंबें परतलीं. १९७८ सालीं त्यांस पुनः काढावें लागलें, कारण नारळांतून सीझियमचें विष त्यांच्या अंगांत उतरलें होतें.

चाकणकडे ज्यांचीं शेतें कारखान्यांकरितां गेलीं ते वाचक म्हणतील, सर्वांच्या हितासाठीं कांहींनीं सोसावें हें आम्हांस नवें नाहीं. खरें, पण शेताचा भाव ठरवितां येतो, त्याकरितां भांडतां येतें. बिकिनीकरांस आपण काय देत आहों हेंच कोणीं सांगितलें नव्हतें. अशा होकारास त्याग म्हणावें काय? ख्रिस्तानें आपला प्राण आपण होऊन दिला. एकानें सर्वांसाठीं मरावें हा हिशेब कयफाचा होता, आणि त्यांत कयफाचें स्वतःचें कांहीं जात नव्हतें.

परकीयांस बोल लावून आमची सुटका होत नाहीं. १९७४ सालीं पोखरणास जो स्फोट झाला, त्याचें प्लुटोनियम आमच्याच महाराष्ट्रांत, ट्रॉम्बेच्या भट्टींत झालें. १९९८ सालीं तेथें पुनः स्फोट झाले. जवळच्या खेतोलाई गांवचे लोक आजारांची तक्रार करीत आले आहेत. आम्ही त्या वेळीं पेढे वांटले. गांवाचें नांवही विचारलें नाहीं.

त्या रविवारीं बिकिनीस व्यासपीठावर आम्ही असतों, तर अधिकाऱ्यास काय विचारलें असतें? बहुधा आम्हींही आमेन म्हटलें असतें.