शोधन हीही सेवाच

ज्येष्ठ महिन्यात श्रीनिवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीस निघते. त्या वाटेवर एका वर्षी घडलेला प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

आमच्या दिंडीतील एका वृद्ध टाळकऱ्यांना मधुमेह. रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागे. कोणीतरी चूर्णाची पुडी हाती देऊन सांगितले, "हे वनस्पतीचे आहे, सुई सोडा." त्यांनी सोडली. सिन्नर ओलांडले आणि वांत्या, धाप, ग्लानी सुरू झाली. नाशिकच्या आयुर्वेद महाविद्यालयातून नुकताच शिकून बाहेर पडलेला एक मुलगा दिंडीत होता. त्याने नाडी पाहिली, साखर तपासली आणि म्हणाला, "महाराज, हे माझ्या औषधाचे काम नव्हे. आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्या." स्वतः गाडीत बसून बरोबर गेला. टाळकरी वाचले. पण मुक्कामी कुजबुज सुरू झाली, "साडेपाच वर्षे आयुर्वेद शिकला आणि भरवसा परक्या औषधावर!" खरे सांगतो, माझ्याही मनात तेच आले होते.

पूर्वपक्ष असा की, ऋषींनी सांगितले त्याला मर्यादा घालणे, ते तपासून पाहणे, ही अश्रद्धा होय. याचे उत्तर चरकसंहितेतच आहे. गुल्म पिकला, शस्त्रकर्माची वेळ आली, की तेथे अधिकार धन्वंतरी-संप्रदायाचा, असे सांगून चरकाचार्य स्वतः बाजूस होतात. आपल्या विद्येची सीमा सांगण्यात त्यांना विद्येचा अपमान वाटला नाही. मग त्या पोराने वेगळे काय केले?

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि त्यांत शिरलेले अशुद्ध पाठ दूर केले. माउलींवर श्रद्धा नव्हती म्हणून का? छे! श्रद्धा होती म्हणूनच. वैद्यही बचनाग शोधिल्यावाचून देत नाही. शोधन हा शास्त्राचाच धर्म आहे.

सर्पगंधा आपल्याकडे जुनीच. पण १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरील तिचा गुण मोजून विलायतेच्या वैद्यक-नियतकालिकात छापला, तेव्हा जगाने तिची दखल घेतली. पुढे तिच्या औषधाने काहींच्या मनाला खिन्नता जडते, हेही ध्यानी आले. गुण असो वा दोष, नीट पाहणाऱ्यालाच दिसतो.

नाशकात १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक, दोहोंच्या पदव्या तेच देते. तेथे शिकणाऱ्या तरुण वैद्यांनो, तुमच्यापाशी मागणे एवढेच. काय दिले, गुण आला की नाही, हे लिहून ठेवा; आणि न आला तेथे आधी लिहा. आणि आम्हा वडीलधाऱ्यांनी काय करावे? पोराने "हे मला साधणार नाही" म्हटले, तर त्याला नास्तिक ठरवू नये. त्या एका वाक्याने एक जीव वाचला आहे.

पुढल्या वर्षी तेच टाळकरी पुन्हा चालले. झोळीत इन्सुलिन होते. संध्याकाळी मुक्कामी तो मुलगा त्यांच्या पायांना तेल लावीत होता आणि कोठे जखम तर नाही ना, हे बोटाबोटांतून पाहत होता. कीर्तनास उभे राहण्यापूर्वी मी त्याच्या पाया पडलो. वारीच्या वाटेवर लहान-थोर कोण?

रामकृष्ण हरि.