डोळ्यांची साक्ष

“मीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें,” असें कोणी म्हटलें म्हणजे पुढें वाद घालणें आपणांस असभ्यपणाचें वाटतें. वाद घालणारा त्या माणसास लबाड ठरवितो, असा आपला समज. खोटें आणि चुकीचें यांतील भेद आपण कोशांत मानतों, व्यवहारांत विसरतों.

आमच्या जिल्ह्यांत, पैठणजवळ, ज्ञानेश्वरांचें आपेगांव आहे. नावेंत बसलेल्याला कांठचीं झाडें धांवतांना दिसतात, हा दृष्टान्त त्यांनीं चौथ्या अध्यायांत दिला. त्याच्याही पूर्वीं गौडपादांनीं फिरत्या कोलिताच्या आकृति दाखविल्या होत्या. पण झाड अचल आहे, हें नावेंतल्यालाही ठाऊक असतें. ज्या भ्रमाचा संशयच येत नाहीं, तो निराळा.

असा एक भ्रम रोमी निजहावन यांनीं १९९४ सालीं ‘नेचर’मध्यें मांडला. एक वस्तु सारखी सरकत आहे. ती एका जागीं येतांच अगदीं शेजारीं क्षणमात्र दिवा चमकवावा. दोन्ही एका रेषेंत असूनही दिवा मागें पडलेला आणि वस्तु पुढें गेलेली दिसते! पाहण्याची जाणीव होईपर्यंत सुमारें दशांश सेकंद जातो, तेवढी उणीव मेंदू अंदाजानें भरून काढतो, असें निजहावन यांचें म्हणणें. मन पुढचें पाहून मागचा क्षण ठरवितें, असें मानणारा दुसरा पक्षही आहे. कारणाविषयीं मतभेद असोत. भ्रम मात्र जाणून घेतल्यानेंही जात नाहीं.

आतां धावबादाचा प्रसंग घ्या. सेकंदास सहा मीटर धांवणारा फलंदाज दशांश सेकंदांत साठ सेंटिमीटर तोडतो. यष्टी उडणें म्हणजे तोच चमकलेला दिवा; तेव्हां भ्रमाचा कल फलंदाजास वांचविण्याकडे असावयाचा. १९९२ च्या नोव्हेंबरांत, डर्बन येथें, दूरचित्रवाणीवरील पुनर्दर्शन पाहून तिसऱ्या पंचानें धावबाद ठरविलेले पहिले फलंदाज आपले सचिन तेंडुलकर. लोक याला यंत्राचा विजय म्हणतात. मला मैदानावरचे पंच सिरिल मिचली अधिक मोठे वाटतात. त्यांनीं निर्णय दुसऱ्याकडे सोपविला, आणि त्यांत त्यांची अप्रतिष्ठा झाली नाहीं.

साक्षीदाराला ही सवलत कोण देतो? जालना रस्त्यावर दोन वाहनें आदळतात. कोणतें आधीं चौकांत शिरलें, याविषयीं दोन सज्जन परस्परविरुद्ध सांगतात. दोघांचीही साक्ष टाकून द्यावी, तर ज्याचा पाय मोडला त्याच्या बाजूनें बोलणार कोण? शपथ साक्षीदाराकडून सत्य मागते. त्याच्यापाशीं असते ती सत्यनिष्ठा. आपण किती दूर होतां, वाहन किती वेगांत होतें, हें त्याला अवश्य विचारावें. त्याची दानत काढण्याचें कारण पडतेंच, असें नाहीं.