करणारे एक, भरणारे दुसरे

करावे तसे भरावे, हे मराठी माणसाला कुणी पोथी उघडून शिकवावे लागत नाही. भारतीय दर्शनांनी तर त्यापुढे जाऊन दोन दोष सांगून ठेवले आहेत. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळणे हा कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ माथी येणे हा अकृताभ्यागम. प्रतिपक्षाच्या मतातून हे दोष निघतात एवढे दाखवले, की ते मत खोडले गेले असे पंडित मानत. मुंबईत देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर हे दोन्ही दोष प्रत्यक्षात घडतात.

ठाणे खाडीच्या काठावर 1927 पासून इथे शहराचा कचरा पडत आला. भाजीचे देठ, शिळा भात, खरकटे, सगळे प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून येते आणि ढिगाखाली गाडले जाते. हवा न लागता ते कुजले की मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता वाढवतो. शिवाय तो पेटतो. जानेवारी 2016 मध्ये देवनार पेटले तेव्हा धुराचे लोट उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसले आणि आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा ढिगावर वरून पाण्याचा मारा करूनही आतला कचरा धुमसत राहतो, म्हणून आग लवकर आटोक्यात येत नाही. पावसाळ्यात कुजक्या थरांतून काळे पाणी झिरपते आणि धातूंचे अंश घेऊन जमिनीत, खाडीत उतरते.

पिशवीला गाठ मारणारा कुठेतरी दूर सातव्या मजल्यावर राहतो. धूर जातो तो ढिगाशेजारच्या गोवंडी, बैंगनवाडी, शिवाजीनगरच्या पोरांच्या छातीत.

त्यांचे पूर्वसंचित, असे म्हणणारेही भेटतात. हे उत्तर क्रूर आहे. याच तर्काने काही जातींच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या घाणीची कामे मारली गेली. फुले आणि आंबेडकर त्याविरुद्ध आयुष्यभर लढले. मागचा जन्म कुणी पाहिलेला नाही. कचऱ्याची गाडी कुठून निघते आणि कुठे रिकामी होते, हे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. कर्मावर खरोखर श्रद्धा असेल, तर याच जन्मातल्या या कर्माचा कर्ता कोण, हे आधी विचारायला हवे.

पुण्यात हा प्रश्न घरोघरी पोचला. तिथे कचरावेचकांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. वापरलेले सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकले, की ती पुडी वेचक बाईला हाताने उघडून पाहावी लागते. म्हणून या बायांनी घराघरांत एक मागणी मांडली: पुडीवर लाल ठिपका काढा, म्हणजे ती न उघडताच ओळखता येईल. कचरा ओला, सुका आणि घातक असा वेगळा करण्याची जबाबदारी 2016 च्या घनकचरा नियमांनीही तो निर्माण करणाऱ्यावरच टाकली. ओले वेगळे निघून सोसायटीच्या आवारातच हवेशीर खड्ड्यात जिरले, तर त्याचा मिथेन गोवंडीच्या वाट्याला येत नाही.