आधी कॅसेटी, मग तबकड्या

बोदवड, जि. जळगाव

चि. भाचेराव यांस,


नानांच्या रेकॉर्डींची पेटी हवी म्हणतोस, तर खुशाल ने. घरात ती मागणारा तू एकटाच आहेस आणि तुझ्या हाती ती नीट राहील याची मला खात्री आहे. पण लाखाच्या घरातला प्लेअर घ्यायचा आणि त्याचं कारण ‘तबकडीचा आवाज मोबाइलपेक्षा शुद्ध’ हे, इथे मला तुला थांबवायला हवं. फोनवर हे सगळं बोलून होणार नाही, म्हणून लिहितो आहे.

शुद्धतेचा मुद्दा आधी सोडून दे. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८२ मध्ये आणलेली सीडी अगदी बारीक आणि अगदी मोठ्या आवाजातलं ९६ डेसिबलपर्यंतचं अंतर सांभाळते. चांगल्यातली चांगली एलपी सत्तरच्या आसपास थांबते, कारण सुई खाचेत घासते आणि ती घासण्याची खरखर तळाशी राहतेच. शिवाय तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे सारख्याच गतीने घेत असली, तरी कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच गाण्याला आत निम्म्याहून कमी जागा मिळते. आपला ख्याल विलंबितात सुरू होतो. द्रुत आणि तराणा शेवटी. म्हणजे जिथे ताना सर्वांत दाट, नेमकी तिथेच जागा सर्वांत कमी. जुन्या एलपीची बाजू संपत आली की आवाज थोडा फाटल्यासारखा वाटतो, तो गवयाचा दोष नसतो.

आणि नवी तबकडी म्हणजे जुन्या फितीवरून थेट उतरवलेली, हेही गृहीत धरू नकोस. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही या व्यवसायातली मोठी नावाजलेली कंपनी. तिच्या पुष्कळ तबकड्यांच्या निर्मितीत मधला टप्पा डिजिटल होता, हे २०२२ मध्ये उघड झालं. त्याआधी वर्षानुवर्षं जाणकारांनी त्याच तबकड्या कान तृप्त होऊन ऐकल्या होत्या. त्यांचा आनंद खोटा नव्हता, कारण मात्र त्यांना वाटत होतं ते नव्हतं. तुझ्याही बाबतीत कारण आणि आनंद वेगवेगळे ठेव, एवढंच माझं म्हणणं.

तबकड्या परत आल्या हे खरंच. अमेरिकेत २०२२ मध्ये तबकड्या सुमारे ४ कोटी १० लाख खपल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. नगांच्या हिशेबात तबकडी सीडीच्या पुढे गेली ती पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच. पण त्याच देशात संगीताच्या एकूण उत्पन्नातला ऐंशी टक्क्यांहून मोठा वाटा इंटरनेटवरून ऐकण्याचा आहे. आपल्याकडे मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाऊस हे रेकॉर्डींचं जुनं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, माहीमला द रिव्हॉल्व्हर क्लबसारखं तबकड्यांचं दुकान उभं राहिलं, आणि २०२४ मध्ये मुंबई परिसरात तबकड्या छापण्याचा कारखानाही पुन्हा सुरू झाला. मला याचा मनापासून आनंद आहे. वीस-बावीस मिनिटांची एक बाजू लावायची, मध्ये गाणं बदलायचं नाही, हातात मोठं कव्हर घेऊन साथीला कोण आहे ते वाचायचं, मग उठून बाजू पालटायची: ऐकण्याची ही शिस्त फोनने मोडली आणि तुझ्या पिढीला ती स्वतःहून हवीशी वाटते, हे फार चांगलं आहे. एवढ्यासाठी प्लेअर घेतलास तर माझी काहीच हरकत नाही.

मात्र जे गाणं फोनवर धडधडीत मिळतं त्याची नवी छापील तबकडी महाग भावाने घेत बसू नकोस. जे दुसरीकडे कुठेच नाही ते शोध. आपल्या घरातल्या पेटीतच ते असू शकतं. नानांकडे एलपींच्या खाली लाखेच्या जुन्या रेकॉर्डी आहेत, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. गोहरजानचं गाणं १९०२ मध्ये कलकत्त्याला ध्वनिमुद्रित झालं तेव्हापासून जवळजवळ सत्तरीपर्यंत आपल्याकडे हा प्रकार चालला. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. जळगावात लहानपण घालवलेले आणि तिथेच मेहबूबखाँकडे गाण्याचे पहिले धडे घेतलेले बालगंधर्व रंगभूमीवर एकेका पदाला किती वेळा वन्समोअर घेत, हे नाना सांगायचे. तबकडीवर ते सगळं साडेतीन मिनिटांत आवरावं लागलं. तरी ते आवरलेलं गाणं आपल्याकडे आहे. अल्लादियाखाँसाहेबांनी ध्वनिमुद्रण करूच दिलं नाही. एवढ्या मोठ्या घराण्याच्या मूळ पुरुषाचा आवाज आज कुणालाच ऐकता येत नाही, आणि त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. एका पिढीत एवढा फरक, आणि तो फक्त कुणी यंत्रासमोर बसलं आणि कुणी नाही याचा.

तर पेटी उघडल्यावर पहिलं काम वाजवण्याचं नाही, यादीचं. प्रत्येक लेबलावरचं नाव आणि क्रमांक उतरवून काढ. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून आहे; सुरेश चांदवणकरांनी तिच्यासाठी आयुष्य वेचलं. कोणती रेकॉर्ड दुर्मीळ आणि कोणती घरोघर असलेली, हे अशा मंडळींना क्रमांकावरून कळतं.

लाखेच्या रेकॉर्डी स्पिरिटने पुसू नकोस, लाख त्यात विरघळते. मऊ ब्रश आणि अगदी सौम्य साबणाचं शुद्ध पाणी, लेबल कोरडं ठेवून, पुरे. एलपीची सुई त्यांच्यावर चालत नाही. त्यांना जवळपास चौपट रुंद टोकाची वेगळी सुई लागते. एलपी सूटकेससारख्या स्वस्त प्लेअरवर वाजवू नकोस. त्याची सुई पाच-सहा ग्रॅम भार देते, चांगल्या प्लेअरवर दीड ते दोन ग्रॅम पुरतो, आणि खाच एकदा खरवडली की ती भरून येत नाही. म्हणून पैसा आधी सुईवर घाल, कॅबिनेटवर नको. आणि तबकड्या उभ्या ठेव. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या वर जातो; पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर आडव्या रचलेल्या एलपी एका उन्हाळ्यात वाकतात. नानांनी त्या धाब्याच्या जुन्या खोलीत भिंतीशी ठेवल्या म्हणून आज सरळ आहेत. तुझा पुण्यातला फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, पश्चिमेची भिंत टाळ.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते सांगतो. तू तबकड्या मागितल्यास, पेटीच्या शेजारच्या कॅसेटींच्या खोक्याचं नावही काढलं नाहीस. त्या सोनी आणि मेल्ट्रॅकच्या कोऱ्या कॅसेटी होत्या. ऐंशीच्या दशकात तुझ्या आजीची, शेजारच्या बायकांची आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), भुलाबाईची, जात्यावरची गाणी आम्ही त्यांत भरली. तबकडी कितीही दुर्मीळ असली तरी ती शेकड्यांनी छापलेली असते. आपल्याकडची फुटली तर दुसऱ्या कुणाच्या कपाटात निघेल. या कॅसेटींची दुसरी प्रत जगात नाही. आणि तबकडीपेक्षा त्या फार लवकर जातात. फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. तिच्यावर बुरशी चढते, आतली फेल्टची गादी डिंक सुटून गळते. ९० मिनिटांच्या कॅसेटीची फीत तर आणखी पातळ, ताणली की गुंतते.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घे. असोद्याच्या बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ओव्या लिहून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये पुस्तक झालं, १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी चाली दिल्या, आणि पुढे त्यांच्या रेकॉर्डी, कॅसेटी घरोघर गेल्या. शब्द वाचले. पण बहिणाबाई स्वतः ते कसे म्हणत, कुठे थांबत, कोणता हेल काढत, हे आपल्याला ऐकायला मिळत नाही. तुझ्या आजीचं ते अजून मिळू शकतं. म्हणून तुझ्या प्लेअरच्या पैशातला पहिला भाग एका चांगल्या कॅसेट डेकवर आणि आवाज संगणकात घेणाऱ्या यंत्रावर खर्च कर. तबकड्या वर्षभर थांबतील.

कॅसेटीच्या मागच्या कडेची प्लास्टिकची खुंटी मोडलेली नसेल तर आधी मोड, चुकून पुसली जायला नको. एकदा पूर्ण पुढे-मागे सावकाश गुंडाळून घे, थेट वाजवू नकोस. गादी गळाली असेल तर फीत नव्या खोळीत घालून घे; हे काम स्वतः शिकायला अवघड नाही. भरताना एमपीथ्री नको, पूर्ण वेव्ह फाइल ठेव, २४ बिटची, आणि खरखर काढण्याचे प्रयोग मूळ फाइलवर करू नकोस. तीन प्रती कर: एक तुझ्याकडे, एक इथे, एक तिसऱ्या गावी. जुन्या सीडीवर कुणी उतरवून दिलेली गाणी असतील तर तीही आताच काढून घे. घरी भरलेल्या सीडीचा रंगाचा थर उडाला की ती वाचता येत नाही.

यंत्राने एक गोष्ट होणार नाही. कुणाचा आवाज कोणता, गाणं कुणाच्या अंगणात भरलं, कोणत्या गावची चाल, हे सांगणाऱ्या बायका आता थोड्या राहिल्या आहेत. आखाजीला तुझी आई आणि मावशी दोघी माहेरी येणार आहेत. तू त्याच्या आदल्या दिवशी पोच आणि डेक पुण्याहूनच आण. इथल्याचा पट्टा सैल आहे, त्यावर मी काही लावू देणार नाही. वही आणि दोन पेनं मी काढून ठेवतो. कॅसेट त्यांच्यासमोर लावायची आणि त्या बोलतील ते त्याच वेळी लिहायचं, त्यांचं बोलणंही भरून घ्यायचं. रेकॉर्डींची पेटी परतीच्या गाडीत टाकून देतो.

तुझा,
मामा