दार ठोठावण्याची रीत

माझा भाचा इंजिनिअर झाला आणि नोकरी शोधू लागला. गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका औद्योगिक मेळाव्याला जाऊन आला, तेव्हा त्याच्या खिशात अकरा व्हिजिटिंग कार्डे होती. रात्रीच त्याने एक ई-मेल लिहिला आणि नाव तेवढे बदलून अकरा जणांना पाठवला. घाईत एकाला दुसऱ्याच्याच नावाने गेला. सकाळी तो माझ्याकडे आला. ‘‘मामू, आता काय करू?’’

मी म्हणालो, ‘‘माफी माग. पण आधी सांग, त्या गृहस्थांशी तुझे बोलणे काय झाले होते?’’ त्याला आठवेना.

नाव चुकणे किरकोळ आहे. माणूसच न आठवणे ही खरी चूक.

कामापुरती ओळख ठेवणे वाईट, असे आपण मुलांना शिकवतो. पण ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माणसे कचेऱ्यांत बसली, त्यांच्या मुलांना ओळखी वारशातच मिळतात. मोहल्ल्यातल्या गॅरेजवाल्याच्या मुलाने काय करावे? त्याच्यापाशी दोन मिनिटांची भेट आणि नंतरचे एक पत्र एवढेच असते. त्याला स्वार्थी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

गालिबला १८५९पासून रामपूर दरबाराकडून दरमहा शंभर रुपये मिळत. नवाबांना लिहिलेल्या पत्रांत त्याने आपली तंगी लपवली नाही. गरज असणे हा गुन्हा नव्हे. गरज लपवून जिव्हाळ्याचे सोंग आणणे हा मात्र आहे. सहीह बुखारीची सुरुवातच नियतीच्या हदीसने होते. तिथे नियत म्हणजे नशीब नव्हे, मनातला हेतू. कर्माची किंमत त्या हेतूवर ठरते. ‘मला काम हवे आहे’ असे सरळ लिहिणाऱ्याची नियत उघडी असते.

मग रीत कोणती? कुरआनच्या सूरह नूरमध्ये (आयत २७ आणि २८) परक्या घरात शिरण्याचा शिष्टाचार सांगितला आहे. परवानगी घ्या, सलाम करा, परत जा म्हटले तर परत जा. हदीसनुसार परवानगी तीनदा मागावी. न मिळाल्यास माघारी फिरावे. ई-मेल हेही परक्याचे दार ठोठावणेच आहे. एक-दोन दिवसांत लिहावे, म्हणजे भेट त्याच्याही लक्षात असते. कुठे भेटलो, काय बोललो ते एका वाक्यात सांगावे. त्यावरून आपण ऐकले होते हे कळते. एकच गोष्ट मागावी. पत्र आटोपशीर ठेवावे, कारण वेळ त्याचा आहे. उत्तर आले नाही तर आठवडाभराने एकदा आठवण द्यावी आणि मग मनात अढी न ठेवता थांबावे.

दाराच्या आतल्या माणसाचेही कर्तव्य आहे. सलामाचे उत्तर अधिक चांगले, निदान तितकेच चांगले द्यावे, असे सूरह निसा (आयत ८६) सांगते. ‘सध्या जागा नाही’ हेही उत्तरच आहे. खुर्चीवर बसलेल्या आपल्यापैकी कितीजण तेवढे दोन शब्द लिहितात?

भाच्याने माफीचे पत्र पाठवले. मग कार्डे पुन्हा समोर मांडली. बोलणे आठवत होते अशी चारच निघाली. त्यांतले एक छोट्या वर्कशॉपच्या मालकाचे होते. नोकरी देऊ शकत नाही, हे त्यांनी तिथेच सांगितले होते. पण लेथवर काम करण्याविषयी अर्धा तास समजावून दिले होते.

‘‘यांना काय लिहू? मागायचे तर काहीच नाही.’’

‘‘म्हणूनच यांना पहिले लिही,’’ मी म्हणालो.