नित्य आणि नैमित्तिक

दर रविवारी सकाळी आठ वाजता माझे पत्र एका जुन्या मित्राकडे जात असे. पत्र म्हणजे संगणकावरून जाणारे चार ओळींचे क्षेमकुशल. पन्नासेक मजकूर मी एका बैठकीत लिहून ठेवले होते. पुतण्याने संगणकाला आज्ञा लिहून दिली आणि त्यांतला एकेक आपोआप रवाना होऊ लागला. उत्तर लिहिण्याचा मित्राला पहिल्यापासून आळस. मीही कधी वाट पाहिली नाही.

ही सोय काही आजची नाही. १९७९ साली बाहेर पडलेल्या ‘युनिक्स’च्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ नावाचा असा एक चाकर होता. त्याचे वंशज आजही जगभर राबत आहेत. आज्ञेत पाच रकाने असतात : मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. चाकर दर मिनिटाला जागा होतो, यादी पाहतो, ज्याची वेळ झाली ते काम सुरू करून देतो आणि पुन्हा निजतो. कंटाळा नाही, सबब नाही. माझ्यासारख्या आरंभशूराला त्याचा हेवाच वाटावा!

गेल्या श्रावणात मित्र गेला. मला कळले ते तेराव्यानंतर, वहिनींच्या फोनवरून. त्या म्हणाल्या, “भाऊजी, शेवटी शेवटी ह्यांना दिसत नव्हतं. तुमचं पत्र मीच वाचून दाखवायची. ‘एक रविवार चुकत नाही हा माणूस’, म्हणायचे. हे गेल्यावरही पत्र आलं, ‘प्रकृती उत्तम असेलच’ असं. तेव्हा लक्षात आलं, तुम्हांला कळवायचंच राहिलं.”

मी काय बोलणार?

ही फसवणूक होती का? शब्द माझे होते, मायाही खोटी नव्हती. पण आपल्या शास्त्रकारांनी कर्मांत नित्य आणि नैमित्तिक असा भेद केला आहे. नित्य ते नेमल्या वेळी करायचे. नैमित्तिक ते निमित्त घडले म्हणजे. संगणकालाही दोन्ही प्रकारच्या आज्ञा देता येतात, परंतु निमित्त कोणते हे आधी सांगावे लागते. मित्राची दृष्टी जाईल, हे मी कोणत्या रकान्यात लिहिणार होतो?

माझी आजी रोज तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावी. लावता लावता कोण घरी आले, कोण यायचे आहे, कोणाचा चेहरा उतरला आहे, हे पाहून घेई. तिच्या नित्यकर्मात निमित्त ओळखण्याची रोजची एक वेळ होती. मी नेम यंत्राकडे दिला आणि त्याबरोबर ते पाहणेही माझ्या हातून गेले.

ती आज्ञा मी पुसली नाही, बदलली. आता रविवारी आठ वाजता पत्र जात नाही. माझ्या उशाशी नुसती घंटा वाजते आणि मी वहिनींना फोन करतो. पहिल्याच रविवारी त्यांना खरे काय ते सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पुढच्या रविवारी करा हं फोन. दिवाळी आहे.”