एकच आठवण

हिरोकाझू कोरे-एदा या जपानी दिग्दर्शकाचा 'आफ्टर लाइफ' (१९९८) हा चित्रपट मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा वडील होते. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा ते नव्हते आणि आईची स्मृती हळूहळू जायला लागली होती. पहिल्या वेळी तो मला एक गोड, विक्षिप्त चित्रपट वाटला होता. दुसऱ्या वेळेनंतर मात्र तो डोक्यातून जाईना. त्याने मला एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचं मी मनातल्या मनात दिलेलं उत्तर मला स्वतःलाच आवडलं नव्हतं.

गोष्ट अशी. मेलेली माणसं हिवाळ्यातल्या एका जुनाट, शाळेसारख्या इमारतीत येतात. टेबलापलीकडचा कर्मचारी त्यांना सांगतो, की आयुष्यातली एकच आठवण निवडा. मुदत बुधवारपर्यंत. मग इथली मंडळी त्या आठवणीचं चित्रीकरण करतील, शनिवारी ते तुम्हाला दाखवतील, आणि तेवढी आठवण घेऊन तुम्ही पुढे जाल. बाकी सगळं पुसलं जाईल. ज्यांना निवडता येत नाही, ते तिथेच राहून येणाऱ्यांची कामं करतात.

कोरे-एदा मुळात माहितीपट करणारा. या चित्रपटाच्या तयारीसाठी पाचशेच्या आसपास लोकांना त्यांच्या आठवणी विचारल्या गेल्या, आणि त्यांतली काही माणसं पडद्यावर आपलीच आठवण सांगतात. म्हणून ती बोलताना अडखळतात, तपशील बदलतात. एका म्हातारीला १९२३च्या भूकंपानंतरचं बांबूचं बन आठवतं. एका शाळकरी मुलीला आधी डिस्नेलँड हवं असतं. मग ती विचार बदलते आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडल्याची आठवण निवडते. वैमानिकासाठी कापसाचे ढग करतात. सगळा मामला शाळेच्या गॅदरिंगसारखा. खोटेपणा उघड दिसतो आणि तरीही तो माणूस हरखून जातो.

मला छळलं ते वातानाबे नावाच्या म्हाताऱ्याने. त्याला काही आठवेचना, म्हणून त्याच्या आयुष्याच्या ७१ वर्षांच्या ७१ टेप त्याला पाहायला देतात. लग्न ठरवून झालेलं. बायकोचं आधी ज्याच्याशी ठरलं होतं तो तरुण महायुद्धात गेला. ती दरवर्षी एकटीच त्याच्या थडग्यापाशी जाऊन यायची, हे वातानाबेला ठाऊक होतं. अखेर तो निवडतो ती आठवण साधी आहे : उतारवयात दोघं सिनेमा पाहून बागेतल्या बाकावर बसलेत. पुढे आपल्याला कळतं, की ती आधीच तिथे येऊन गेली आहे आणि तिने निवडलेली आठवणही बाकावरचीच आहे. फक्त शेजारी तो युद्धात गेलेला तरुण आहे.

म्हणजे त्याच्या अनंतकाळात ती आहे, तिच्या अनंतकाळात तो नाही. हा अन्याय आहे का? चाळीसेक वर्षांच्या संसाराला एका बाकाएवढाही हक्क नाही?

माझं पहिलं उत्तर होतं : आहे, अन्यायच आहे. ते इतक्या तडकाफडकी आलं, कारण मी तेव्हा वातानाबेबद्दल बोलत नव्हतो.

आईला आता जे थोडं नीट आठवतं, त्यात वाईचा घाट आहे. परीक्षा संपलेली, बारा-तेरा वर्षांच्या दोन मैत्रिणी पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडून चिंचा खातायत. एवढंच. ती हे दिवसातून चार-पाचदा सांगते. अलीकडे तिच्या गोष्टीत पाण्यावर कमळं आली आहेत. बाबा होते तेव्हा संध्याकाळी तेच म्हणायचे, "तुझी घाटाची गोष्ट सांग ना." जणू पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकायचे. त्या गोष्टीत ते नव्हते, मीही नव्हतो. आमच्यातलं कुणी तिला तेव्हा माहीतच नव्हतं.

बाबा गेल्यानंतर एका रात्री मी थकलो होतो. ती कमळांपाशी आली आणि मी म्हणालो, "आई, कृष्णेच्या त्या घाटावर कमळं नसतात. आणि तुझी ती मैत्रीण जाऊन वीस वर्षं झाली." तिने माझ्याकडे पाहिलं आणि मैत्रीण आत्ताच गेल्यासारखी रडली. सकाळी ती ते विसरली होती. मी विसरलो नाही.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं, की खरं ते सांगायला हवंच. पण चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला आणि कापसाच्या ढगांपाशी ते ढोंग टिकलं नाही. मला कमळं खुपत नव्हती. तिला न्हाऊमाखू घालणारा, तिच्या गोळ्यांच्या वेळा पाळणारा मी त्या गोष्टीत कुठेच नव्हतो, ते खुपत होतं. मी सत्याच्या बाजूने बोललो नव्हतो, हिशेब मागितला होता.

प्रेमाचा असा हिशेब आपण सगळेच ठेवतो. पण स्मृती त्या वहीप्रमाणे पैसे चुकते करत नाही. रोज घडतं ते लक्षात राहत नाही, कारण ते रोज घडतं. लक्षात राहतो तो वेगळा दिवस : परीक्षा संपल्याचा, पाण्यात पाय सोडल्याचा. जो माणूस चाळीस वर्षं रोज शेजारी होता, त्याची एक सुटी आठवण काढून दाखवणंच अवघड. वातानाबेला ७१ टेप लागल्या त्या उगाच नाही.

आई अजून दुपारी चहाचे दोन कप काढते. एकात साखर घालत नाही. बाबांना मधुमेह होता. बिनसाखरेचा कुणाचा, असं विचारलं तर तिला सांगता येत नाही; ती गोंधळते, पण हात साखरेच्या डब्याकडे जात नाही. तिने निवडलेल्या आठवणीत बाबा नाहीत, तिच्या हातात आहेत. हातातल्या गोष्टीचं चित्रीकरण करून शनिवारी कुणी दाखवत नाही, म्हणून ती कमी खरी ठरत नाही.

यावर कुणी म्हणेल, ही मागे उरलेल्याने स्वतःची घातलेली समजूत आहे. असेल. चित्रपटात एक तरुण आठवण निवडायलाच नकार देतो आणि म्हणतो, की हीच माझी माझ्या आयुष्याची जबाबदारी घेण्याची पद्धत. त्याचंही मला पटतं. एक क्षण ठेवून बाकीच्यांना पुसून टाकायचं, यात काहीतरी निष्ठुर आहेच. पण दुसऱ्याने काय ठेवावं हे आपण ठरवू पाहणं त्याहून निष्ठुर आहे, एवढं मला त्या रात्रीनंतर कळलं.

आता घाटाची गोष्ट सुरू झाली की मी बाबांसारखं विचारतो, चिंचा कुणी आणल्या होत्या? कधी मैत्रिणीने, कधी आईने. कमळं गुलाबी असतात. परवा तिने त्यांचा रंग पांढरा सांगितला. मी मान डोलावली आणि बिनसाखरेचा कप माझ्याकडे ओढून घेतला.